दाराजवळचं स्टूल

लॅचची किल्ली फिरवून तिनं दार ढकललं, डाव्या पायातली चप्पल काढली, आणि उजवी काढायची राहूनच गेली. दाराजवळच्या स्टुलावर नानांची बॅग होती. आधी तिला ती नुसतीच एक जुनी बॅग वाटली. खाकी, जाड कापडाची, कोपरे झिजून पांढरे पडलेली, वर्षानुवर्षं माळ्यावर रिकामी लोळणारी. बरं झालं, सुटली एकदाची, असं ती मनात म्हणालीसुद्धा. मग लक्षात आलं की बॅग रिकामी नाही. तिचं पोट फुगलं होतं, चेन शेवटपर्यंत लागली नव्हती, आणि राहिलेल्या फटीतून निळ्या रेनकोटची कॉलर डोकावत होती. रिकामी बॅग माणूस टाकून देतो. भरलेली बॅग घेऊन तो स्वतः निघतो. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. सकाळी सगळ्यांची कामावर जायची घाई, म्हणून नाना आपली आंघोळ दुपार कलल्यावर उरकायचे. ती आज नेहमीपेक्षा लवकर आली होती, नाहीतर ते आंघोळ करून, केस विंचरून, कॉटवर पेपर धरून बसलेले दिसले असते, आणि मग कदाचित ती बॅगही तिला इतकी एकटी दिसली नसती.

हे स्टूल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. बघणाऱ्याला ते तीन पायांचं, एका अंगाला जरासं कललेलं, साधं लाकडी स्टूल. पण या घरातून बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू त्याच्यावर बसून गेलेली आहे. नियम असा, की घरात एक वस्तू आली की एक जायची. जाणाऱ्या वस्तूनं तीन दिवस स्टुलावर बसायचं. तेवढ्या अवधीत घरातल्या कुणालाही वाटलं की ही जायला नको, तर त्यानं ती उचलावी. मात्र उचलली तर वापरायची, उचलून कपाटात कोंबायची नाही. तीन दिवसांत कुणी हात लावला नाही तर वस्तू ज्याला लागते त्याच्याकडे जाते. नियम तिनंच आणलेला. लग्न होऊन ती या दोन खोल्यांत आली तेव्हा उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत नुसतं सामान होतं, आणि त्यात लग्नातल्या भेटवस्तूंची भर. "बाकीच्यांच्या सुना येताना काय काय घेऊन येतात," नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "आमची नियम घेऊन आली." सासरे म्हणून त्यांनी एका शब्दानं तिला अडवलं असतं तर तो नियम आठवड्याच्या आत बारगळला असता. त्यांनी उलट दुसऱ्याच दिवशी आपला फुटक्या काचेचा कंदील स्टुलावर आणून ठेवला होता.

नानांनी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली. घंटीची त्यांना इतकी सवय, की निवृत्त झाल्यावरही त्यांचा हात रिकामा राहीना. चहा ओतून पुरे झाला की कपावर चमच्याचा एक टोला, म्हणजे थांब. अजून हवा असला की दोन टोले, चालू दे. हळूहळू घरालाच त्या भाषेची सवय लागली. तिचा मुलगा लहान असताना रडायला लागला की नाना एक टोला द्यायचे आणि तो खरंच थांबून बघायचा. आणि स्टुलावरची वस्तू तिसऱ्या दिवशी दाराबाहेर निघाली की नाना जिथे असतील तिथून, जे हाताला लागेल त्यावर, दोन टोले. डबल बेल. चला. पंखा गेला तेव्हा डबल बेल, जुनी शिडी गेली तेव्हा डबल बेल, मुलाची तीन चाकी सायकल गेली तेव्हा तर मुलगा रडत होता आणि नाना त्याला मांडीवर घेऊन त्याच्याच हातानं ताटलीवर टण टण करवत होते. फक्त एकदा त्यांनी बेल दिली नव्हती. तिच्या नवऱ्याला घरातून नेलं त्या दिवशी. कुणीतरी नानांच्या हातात चहाचा कप दिला होता, चमचा बशीत तसाच होता. माणसं खांदा देऊन दारातून वळली तेव्हा तिची नजर उगाचच त्या चमच्यावर गेली होती. नानांनी त्याला हात लावला नाही. चहा तसाच गार झाला.

त्यानंतर नवऱ्याचे कपडे तिनं एकेक करून स्टुलावर ठेवले. एकदम ठेवायचा धीर नव्हता. शर्ट गेले, पँटी गेल्या, नव्यासारखे बूट गेले, आणि मग तो निळा रेनकोट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तर स्टूल रिकामं, आणि नाना रेनकोट घालून कॉटवर बसलेले. नवरा उंच होता, नानांची चणच बारीक. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. "उचलला," ते म्हणाले. "आता वापरणं भाग आहे." तेव्हापासून आभाळ भरून आलेलं असो नसो, दूध आणायला निघाले की रेनकोट. दूधवाला हसतो. कोरड्या ठणठणीत दिवशी फुटपाथवरून एक निळा रेनकोट चालताना दिसला की त्या रस्त्यावरची पोरंसुद्धा ओळखतात. तोच रेनकोट आता घडी घालून बॅगेत होता, आणि चेन लागू देत नव्हता.

एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, अशी ती तिथेच उभी राहिली. न्हाणीघरात तांब्या पाण्यात बुडल्याचा आवाज आला, मग पाणी अंगावरून ओघळल्याचा, मग बराच वेळ काही नाही. तिला आवाजावरून पाणी कळतं, कारण तिचा धंदाच तो. शहराच्या पाणीखात्यात अजून वीस वर्षांनी, तीस वर्षांनी शहरात किती माणसं असतील आणि त्यांना किती पाणी लागेल याचा अंदाज बांधणं हे तिचं काम. ऑफिसात तिला लिटरबाई म्हणतात, समोर नाही, पण तिला ठाऊक आहे. बादली अर्धीच भरलेली होती. नाना अर्ध्या बादलीत आंघोळ करतात हे त्यांनी कधी सांगितलं नाही, तिनंही कधी विचारलं नाही. ते कधीपासून हे मात्र तिला नेमकं ठाऊक होतं. नवरा असताना एका सुट्टीत ती सगळ्यांना शहराबाहेरचं तळं दाखवायला घेऊन गेली होती, ज्याचं पाणी नळाला येतं ते. पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाला चिखल वाळून भेगा पडल्या होत्या आणि पाण्याची पातळी मोजायची उंच पट्टी उघड्यावर, पार बुडापासून दिसत होती. मुलगा दगड मारत होता, नवरा फोटो काढत होता. नाना त्या पट्टीकडे बघत नुसते उभे होते. परत येताना म्हणाले, "एवढ्यातच सगळे का गं?" ती म्हणाली, "एवढ्यातच." दुसऱ्या दिवसापासून अर्धी बादली. बाकी घर तेव्हाही पूर्ण बादलीनं आंघोळ करत होतं, ती स्वतःसुद्धा.

आणि हे नाना म्हणजे ज्यांनी बसमध्ये कधी कुणाला नाही म्हटलं नाही ते. बसमध्ये पाटी असायची, बसलेले किती आणि उभे किती याची, आणि ती पाटी नानांना कधी दिसलीच नाही. सरका पुढे, मागे खूप जागा आहे, दादा तुम्ही जरा तिरके व्हा, ताई मुलाला मांडीवर घ्या, असं करत ते स्टॉपवरचं शेवटचं माणूस आत घ्यायचे. एकदा चढावर त्या भारानं बसच्या चाकांचा धुराच मोडला. सगळी बस खाली उतरून पायी चालत गेली, आणि नाना सगळ्यांत पुढे. ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे, पण शेवटी न चुकता म्हणायचे, "पाटी खरी होती हो. पाटी खोटी नव्हती." आणि मग दुसरं वाक्य, तेही न चुकता: "पण गर्दी माणसांनी होत नाही, बोचक्यांनी होते. माणूस तिरका होतो. बोचकं होतं का तिरकं?" लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं होतं की आपण बरोबर घरात आलो आहोत. तिच्या ऑफिसातल्या कुणी साहेबानं तिला इतक्या वर्षांत हे असं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यात बोचकं हा शब्द नसता.

आज सकाळपासून ऑफिसात मीटिंग होती. नव्या अंदाजाचा मोठा तक्ता भिंतीवर पडला होता आणि त्यात नेहमीचे चार रकाने. जन्मलेले, वारलेले, आलेले, गेलेले. तळ्याचा आकडा ठरलेला, तो कुणाच्या बापाला वाढवता येत नाही. माणसांचा आकडा त्याच्या वर जात होता. नवा इंजिनिअर, हुशार, बोलायला गोड, म्हणाला, "मॅडम, गेलेल्यांचा दर जरा चढा धरला तर सगळं बसतंय." तसं करायला हरकत नसते. कमी, मध्यम आणि जास्त असे तीन अंदाज असतात, त्यातला मधला सोडून वरचा घ्यायचा. तिनं घेतला. रकान्यातले आकडे वाढले, खालची बेरीज तळ्यात मावली, सगळ्यांना हायसं वाटलं आणि मीटिंग लवकर संपली. लवकर संपली म्हणून ती लवकर घरी आली. येताना बसमध्ये तिला जागा मिळाली होती, खिडकीजवळची, आणि आपण एक चांगलं काम करून घरी चाललो आहोत असं तिला वाटत होतं. शिवाय घरी बाळ येणार होतं. मुलाचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, आणि तिची सून चिऊ, जिला हे नाव तिच्या अखंड चिवचिवाटावरून नानांनीच दिलं होतं, तिला सातवा महिना होता. आयुष्यभर माणसं वाढतात म्हणून काळजी करणारी लिटरबाई आता एका वाढणाऱ्या माणसापायी हरखून गेली होती. ऑफिसात कुणाला दिसू नये म्हणून ती ते लपवायची. घरी लपवायची गरज नव्हती.

फक्त पाळणा कुठे ठेवायचा ते ठरत नव्हतं. आतल्या खोलीत मुलगा आणि चिऊ, तिथे पलंग आणि कपाट झाल्यावर माणसाला आडवं चालावं लागतं. बाहेरच्या खोलीत नानांची कॉट, तिची गादी, फ्रिज. गेला आठवडाभर चिऊ मोजायची टेप घेऊन घरभर फिरत होती. फ्रिजशेजारी मोजलं, स्वयंपाकघराच्या दारामागे मोजलं, आणि परवा नानांची कॉट मोजली. नाना कॉटवरच होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "पाय उचलू का गं?" चिऊ म्हणाली, "उचला की." त्यांनी पाय उचलले, टेप खालून गेली. "माझंही माप घेऊन ठेव," नाना म्हणाले, आणि तिघंही हसली होती. चिऊ बिचारी, तिच्या मनात काही नव्हतं. ती कॉटच्या शेजारी जागा उरते का ते बघत होती. त्या हसण्यात नाना सगळ्यांत मोठ्यानं हसले होते, हे तिला आत्ता, दारात उभं राहून आठवलं. आणि मग तिनं पहिल्यांदाच खोलीकडे चिऊच्या नजरेनं, हातात टेप घेतल्यासारखं, एका टोकापासून बघायला सुरुवात केली. फ्रिज. गादीची वळकटी. कॉट. आणि खिडकीखाली, उजेडाच्या ऐन जागी, तिचं टेबल.

ते टेबल नकाशे काढायचं होतं, भलंमोठं, खात्यानं मोडीत काढलेलं. तिची नोकरी पक्की झाली त्या दिवशी नवऱ्यानं ते हातगाडीवर घालून आणलं होतं. लिफ्टमध्ये मावेना म्हणून तो आणि नाना ते जिन्यानं चढवत होते, प्रत्येक वळणावर नानांची एक बेल, दोन बेल, आणि शेजारीपाजारी दारं उघडून बघत होते. कित्येक वर्षं तिनं त्याच्यावर रात्र रात्र बसून शहर मोठं केलं, कागदावर. आता सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर होतं. टेबलावर तिची रक्तदाबाची औषधं होती, नानांचा चष्मा पुसायचा रुमाल होता, गुंडाळलेले आणि रबर तुटलेले जुने नकाशे होते, आणि इस्त्रीचे कपडे. पण ते आईचं टेबल होतं. मुलगा लहानपणी त्याला हात लावायला घाबरायचा, चिऊनं आल्या दिवसापासून ते ऐकलेलं. टेप त्याच्या पायापर्यंत जायची आणि तिथून वळायची. घरात वस्तू आल्या आणि गेल्या, माणसं आली आणि एक गेलं, आणि त्या सगळ्या काळात हे एवढं मोठं लाकूड स्टुलावर बसायचं राहून गेलं होतं. कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नानांच्या मनात स्वतः जायचं आलं, पण टेबल आलं नाही.

न्हाणीघराची कडी वाजली. नाना पंचा खांद्यावर टाकून, कान पुसत बाहेर आले. तिला दारात बघून थबकले.

"आलीस? आज लवकर?"

"नाना, हे काय आहे?"

"बॅग आहे."

"ते दिसतंय मला."

"मग विचारतेस कशाला, चेकरबाई?" लाडात आले की ते तिला चेकरबाई म्हणायचे. बसमधल्या कंडक्टरला जगात घाबरायला एकच माणूस असतो. "चप्पल काढ ती. पायात गोळा येईल."

तिनं चप्पल काढली. "कुठे निघालात?"

"रविवारी ताईचा मुलगा येतोय गाडी घेऊन. दुपारीच फोन केला तिला." ताई म्हणजे तिची नणंद, नानांची मुलगी, दुसऱ्या शहरात राहणारी. "तिच्याकडे खोल्याच खोल्या. एका खोलीत म्हणे कुणी जातच नाही, पुसायचा सुद्धा कंटाळा येतो. मी तिथे पडून राहीन. तेवढीच खोली वापरात."

"आणि हे ठरवलं कुणी?"

"ठरवायचं काय त्यात? नियम आहे. एक आलं की एक जायचं. मी तर दोन महिने आधी निघतोय, म्हणजे तुमची तारांबळ नको. आज शुक्रवार. तीन दिवस बरोबर रविवारी होतात."

हे ते अगदी सरळपणे म्हणाले. दुसऱ्या एखाद्या घरात म्हातारा माणूस रुसून बोलला असता, टोमणा मारला असता, आणि मग त्याची समजूत काढता आली असती. नाना रुसले नव्हते. त्यांनी तिचा नियम मनापासून पाळला होता, जसा एवढी वर्षं पाळला तसाच, घरच्यांपेक्षा जरा जास्तच.

"नाना, तो नियम वस्तूंचा आहे."

"माणसांचा वेगळा असतो होय? तुझ्या ऑफिसात तर माणसांचाच असतो. आलेले, गेलेले. रोज चहाला तूच सांगतेस."

ते खरं होतं. ती रोज चहाला सांगायची, आणि ते ऐकायचे. तिला सकाळचा तक्ता आठवला. गेलेल्यांच्या रकान्यातला तो वाढवलेला आकडा आठवला, आणि त्या आकड्यात कुठेतरी एक निळा रेनकोट असेल असं सकाळी आपल्या डोक्यात कसं आलं नाही याचं तिला नवल वाटलं. सोमवारी जाऊन तो आकडा पुन्हा मधल्यावर आणायचा, मग बेरीज तळ्यात मावो न मावो, हे तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मावत नसेल तर दुसरं काहीतरी कमी करा म्हणावं. पण ते सोमवारचं झालं.

"तुम्ही काय वस्तू आहात?" ती म्हणाली.

नानांनी खरंच विचार केला. "या वयात दुसरं काय असतो गं माणूस? कोपऱ्यात असतो. कुणी आलं-गेलं की जरा हलवावा लागतो. मधूनमधून पुसावा लागतो." आणि कान पुसून झालेला पंचा त्यांनी नीट झटकून दोरीवर टाकला.

तिला त्यांचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. रागाच्या खाली काय आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिला नाना हवे होते. त्यांचं आणि तिचं रक्ताचं काही नव्हतं. ज्याच्यामुळे नातं जुळलं तो निघून गेला होता, आणि तरी या सहा वर्षांत संध्याकाळी दार उघडताना तिला घरी आल्यासारखं वाटायचं ते या माणसामुळे. मुलगा आणि सून तिची होतीच, पण त्यांचं दार आतून लागायचं. नानांना दार नव्हतं. ते खोलीच्या मधोमध असायचे आणि तिच्याकडे बघून पेपर खाली घ्यायचे. दोन महिन्यांनी तिथे पाळणा असेल आणि पेपर खाली घेणारं कुणी नसेल, हे तिला त्या पाळण्याच्या हौसेपायीसुद्धा चालणार नव्हतं. आणि मग तिच्या मनात एक साधी गोष्ट आली. जायचंच होतं तर ते रविवारी उठून गाडीत बसले असते. बॅग स्टुलावर कशाला ठेवली? नियमाला दोन टोकं होती, आणि दुसरं टोक काय ते त्यांनाही पाठ होतं.

तिनं पुढे होऊन बॅग उचलली.

किती हलकी होती. एवढं मोठं आयुष्य काढलेल्या माणसाचं सगळं सामान तिच्या एका हातात आलं, आणि दुसऱ्या खांद्यावरची तिची रोजची ऑफिसची पर्स त्याहून जड होती. या घरात सगळ्यांत कमी जागा, सगळ्यांत कमी पाणी, सगळ्यांत कमी सगळंच ज्याला लागतं, तोच माणूस गर्दी कमी करायला निघाला होता.

"उचललीस," नाना म्हणाले.

"उचलली."

"मग वापरावं लागेल. नियम आहे."

"वापरणारच आहे. फुकट नाही ठेवून घेत."

"कशाला वापरणार? मला काय येतं आता?"

"बाळ रडलं की एक टोला कोण देणार? मला नाही जमत तो. माझ्यानं कप फुटेल."

नाना हसले नाहीत. कॉटच्या कडेला टेकले. "थट्टा राहू दे," ते म्हणाले. "जागेचं काय? तू बॅग उचललीस, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आता नियम मोडायचा का? मग ते तळं दाखवलंस ते काय खोटं होतं?"

"नाही, नाना. तळं खरं आहे."

"पाटी खरी असते. मी धुरा मोडलेला माणूस आहे, मला विचार."

"तुमच्या बसमध्ये गर्दी झाली की तुम्ही आधी काय उतरवायचात?"

नाना कॉटवरची चादर सारखी करू लागले.

"सांगा ना."

"बोचकी."

"आणि माणूस? उतरवलात कधी?"

"एकदा. पण तो शिव्या देत होता."

"तुम्ही देता का शिव्या?"

"मनातल्या मनात," नाना म्हणाले, आणि आता मात्र त्यांना हसू आवरलं नाही.

तिनं बॅग कॉटवर त्यांच्या शेजारी ठेवली आणि टेबलापाशी गेली. औषधं उचलून फ्रिजवर ठेवली, इस्त्रीचे कपडे गादीवर, नकाशे भिंतीला उभे केले. ते लगेच घरंगळून पडले, तिनं पडू दिले. टेबल काही स्टुलावर मावणार नव्हतं. मग तिनं त्याचा ड्रॉवर ओढला. तो नेहमीसारखा अर्ध्यात अडकला, नवऱ्यानं शिकवल्याप्रमाणे तिनं त्याला खालून गुडघा मारला, आणि सुटलेला ड्रॉवर दोन्ही हातांत धरून तिनं स्टुलावर नेऊन ठेवला. आत एक बोथट पेन्सिल तेवढी गडगडली.

नाना उठून उभे राहिले. "ते नाही," ते म्हणाले. "ते त्यानं आणलंय. मी आणि त्यानं."

"रेनकोटही त्याचाच आहे. पण तो तुम्ही घालता. मी यावर गोळ्या ठेवते, नाना. एवढ्या चांगल्या उजेडात नुसत्या गोळ्या."

नाना स्टुलापाशी आले. ड्रॉवरच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. जिन्यात आपटून उडालेला एक टवका होता, त्यावर बोट थांबलं. ते आता उचलतात की काय असं तिला वाटलं, आणि उचललं असतं तर तिला ते आवडलं असतं की नसतं हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"उचललंत तर वापरावं लागेल," ती हळूच म्हणाली.

"मी काय नकाशे काढू आता?" नानांनी हात मागे घेतला. "खालच्या मजल्यावरची ती शिवणकामवाली," मग ते म्हणाले, "ती जमिनीवर बसून कापड कापते. कंबर धरलीय तिची. तिला होईल. जिन्यानंच न्यावं लागेल पण."

"तुम्ही बेल द्या वळणावर."

"देईन की."

ती स्वयंपाकघरात गेली, चहा केला. कप घेऊन बाहेर आली तेव्हा नाना कॉटवर बसून बॅगेतून रेनकोट काढत होते. तो त्यांनी खुंटीला लावला, बॅग कॉटखाली सरकवली, आणि खिडकीकडे बघत बसले. टेबल अजून तिथेच होतं, पण रिकामं झाल्यामुळे उजेड त्याला ओलांडून थेट फरशीवर उतरला होता. चिऊच्या टेपशिवायसुद्धा दिसत होतं, की तिथे एक पाळणा सहज मावेल आणि शेजारी बसून झोका द्यायला एक माणूसही. तिनं कप त्यांच्या हातात दिला. सवयीनं त्यांचा दुसरा हात चमच्याकडे गेला, तेवढ्यात तिनं चमचा उचलला आणि कपाच्या काठावर हलकेच एक टोला दिला. कप फुटला नाही.

नानांनी वर बघितलं. दुसऱ्या टोल्याची वाट बघितली. तो आला नाही.

"एकच?"

"एकच."

"एक म्हणजे थांब. कोण उतरतंय?"

"उतरत कुणी नाही, नाना," ती म्हणाली. "चढणारं आहे."

दारात किल्ली फिरल्याचा आवाज झाला. चिऊ जिन्यापासूनच बोलत आली होती, लिफ्ट पुन्हा बंद, डॉक्टर म्हणाली वजन चांगलं वाढतंय, आणि हे स्टुलावर काय, आईंचा ड्रॉवर का. एक हात कमरेवर, एक पोटावर ठेवून, धापा टाकत ती बसायला जागा शोधू लागली. आणि आयुष्यभर दुसऱ्यांना सरका सरका म्हणणारे नाना, हातातला चहा न सांडू देता, कॉटवर जरासे पुढे सरकून बसले.